टाकीकाका आणि सुभेदारांचा कारकून

टाकीकाका चहा उभ्यानं पीत, आणि तोही चालता चालता. पहिला घोट स्वयंपाकघराच्या दारात, दुसरा बैठकीत, तिसरा गॅलरीत. रिकामा कप मग कधी फ्रिजवर सापडायचा, कधी इस्त्रीच्या कपड्यांवर, एकदा तर बाथरूमच्या खिडकीत. "बसा ना काका," असं मी पहिली दोन वर्षं म्हणत होते. "माझ्याच्यानं बसलं नाही जात," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यांच्या मागे मान फिरवता फिरवता माझीच मान दुखायला लागायची. शेवटी मीही उभ्यानं चहा प्यायला शिकले.

त्यांचं खरं आडनाव दरबारी थाटाचं आणि भलतंच लांब होतं, ते कुणी उच्चारायच्या भानगडीत पडत नसे. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात लोकांच्या माशांच्या टाक्या सांभाळत. डॉक्टरांची वेटिंग रूम, मिठाईचं दुकान, एखाद्या वकिलाची बैठक, जिथे काचेची टाकी तिथे काका. म्हणून टाकीकाका. खिशात पेचकस, चिमटा आणि हातभर पारदर्शक नळी. नळी शर्टाच्या खिशातून अर्धी बाहेर लोंबत असे आणि नवख्या माणसाला वाटे, ह्या म्हाताऱ्याला सलाईन लावलेलं आहे.

मला ते पहिल्यांदा भेटले ते कंपू नावाच्या भागातल्या एका दवाखान्यात. मी लग्न होऊन सांगलीहून ग्वाल्हेरला आले त्याला तीनच महिने झाले होते. नवरा, माधव, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मला ताप होता, आजूबाजूला सगळी हिंदी चालली होती, आणि अचानक कोपऱ्यातून आवाज आला, "अरे बाबा, खा ना! का नाटक करून राहिला?" एक गृहस्थ टाकीत तोंड घालून माशाला रागावत होते. मी तापातही हसले. ते वळले. "मराठी का? कुठली?" "सांगली," मी म्हटलं. त्या क्षणापासून माझं नाव सांगली झालं. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

पुढच्या पंधरवड्यात ते आमच्या तिसऱ्या मजल्यावर चार फुटी टाकी घेऊन आले. मी मागितली नव्हती. कुणाच्या तरी घरून ती निघाली होती आणि काकांच्या मते ती माझ्याकडे यायला हवी होती. "एकटा माणूस भिंतीकडे पाहत राहिला की बिघडून जातो," ते म्हणाले. "पाण्याकडे पाहत जा." मला राग आला होता, हे कबूल करते. परक्या गावात कुणी तरी आपलं एकटेपण इतक्या चटकन ओळखावं आणि त्यावर काचेचं खोकं आणून ठेवावं, हे मला मुळीच आवडलं नव्हतं. महिन्याभरानं मी ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी टाकीपाशी जायला लागले, ती गोष्ट वेगळी.

काकांचा स्वतःचा मासा एकच, सुभेदार. हा ऑस्कर जातीचा, चांगला हाताएवढा, काळ्या अंगावर केशरी ठिगळं. दहा वर्षांचा होता आणि दुसरा मासा टाकीत सोडला तर त्याला जिवंत ठेवत नसे. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या काकांच्या दोन खोल्यांपैकी एक जवळजवळ त्याचीच होती. काकू गेल्यावर काका त्याच्याशीच बोलत. आवडीचं खाणं मिळालं नाही तर हा गडी तळाचे खडे तोंडात घेऊन काचेवर थुंकायचा. "आमचे पणजोबा दरबारात कारकून," काका सांगत, "जन्मभर सुभेदारांच्या शिव्या खाल्ल्या. मी पण तेच करून राहिलो."

मग त्यांच्या मुलीनं, ताईनं, त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. तिचं चुकत नव्हतं. काकांचे हात थरथरायला लागले होते आणि दोनदा ते स्टुलावरून पडले होते. पण ताईच्या घरी दोन मांजरी. सुभेदाराचं काय करायचं, हा प्रश्न काकांनी मला विचारलाच नाही. एका सकाळी फोन आला, "सांगली, आम्ही येऊन राहिलो." मी खाली जाऊन पाहते तर ई-रिक्षात झाकलेली बादली, रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर भीती, आणि शेजारून स्कूटरवर काका ओरडतायत, "हळू! हळू! आत सुभेदार आहेत!" माझे छोटे मासे दवाखान्याच्या टाकीत गेले आणि माझ्या टाकीत सुभेदार आला.

जाण्यापूर्वी आठवडाभर खपून त्यांनी माझ्या टाकीला कंट्रोलर बसवला. वीतभर डबा, त्याला चार पिनांची जागा: पंप, पंखा, हीटर, दिवा. पाणी तापलं की हा डबा वरचा पंखा सुरू करी, गार झालं की हीटर. आणि पाण्याचं तापमान मोबाईलवर दाखवी, माझ्या आणि काकांच्याही. सगळी खटपट ह्या शेवटच्या गोष्टीसाठी होती. "मी तिकडे, सुभेदार इकडे," ते म्हणाले. "मधे कोणी तर खबर देणारा पाहिजे." डब्याचं नाव त्यांनी कारकून ठेवलं. त्यांना पुण्यात श्वास घ्यायचा तर तो ह्या कारकुनाच्या भरवशावर, हे मला तेव्हाच दिसत होतं.

निघायच्या दिवशी दुपारी स्टेशनवरून फोन आला. "सांगली, गाडी सुटली!" मी "सांभाळून जा काका," म्हणून फोन ठेवला आणि टाकीसमोर बसून मनसोक्त रडून घेतलं. तासाभरानं दाराची घंटा. दारात काका, मागे बॅग घेऊन लालबुंद ताई. प्लॅटफॉर्मवरचं पाण्याचं मशीन गळत होतं, ते बघायला हे गेले आणि गाडी निघून गेली. "अहो, तुम्ही तर सुटली म्हणालात!" मी ओरडले. "मग? सुटलीच ना!" आमच्या सांगलीत गाडी सुटते म्हणजे निघते आणि माणसाची गाडी चुकते. ग्वाल्हेरच्या मराठीत, हिंदीच्या शेजारानं, माणसाचीच गाडी सुटते. ताई कपाळाला हात लावून बसली. काका तेवढ्यात पंपाचा फिल्टर धुवायला गेले होते.

पुण्याहून त्यांचे फोन सुरू झाले. दिवसाला दहा, बारा, कधी वीस. "सांगली, पाणी अठ्ठावीस झालं." "सांगली, दिवा अजून का चालू आहे?" मी सिटी सेंटरच्या ऑफिसात ग्राहकाला विम्याचे नियम समजावत असायची आणि टेबलावर फोन थरथरत असायचा. हळूहळू त्यांची ती चुळबुळ मला लागली. मीटिंगमध्ये मीही टेबलाखाली तापमान पाहायला लागले. एकदा साहेबांनी विचारलं, "घर में कोई बीमार है क्या?" मी म्हटलं, "नहीं सर, सूबेदार हैं।" त्यांना वाटलं, सासरे.

मे महिन्यातल्या एका दुपारी अडीचला फोन आला. काकांचा आवाज बारीक झाला होता. "सांगली, माझ्याच्यानं एक चूक झाली. त्यात लिहून आलं, नवीन अपडेट आहे. मी दाबून दिलं." कारकुनाच्या आतला प्रोग्राम बदलायचा होता, ते फर्मवेअर का काय म्हणतात ते. पुण्यात बसल्या बसल्या ह्या माणसाचा हात राहिला नव्हता. "चौसष्ट टक्क्यावर अटकून गेलं. पंचवीस मिनिटं झाली, हलतच नाही. पंप बंद आहे गं! अपडेट होईस्तोवर तो चारही पिना बंद ठेवतो!"

ग्वाल्हेरचा मे, तिसरा मजला, वर तापलेली गच्ची. गरम पाण्यात हवा कमी राहते आणि पंप बंद म्हणजे नवीन हवा नाही. एवढ्या मोठ्या माशाला तास-दीड तासाच्या वर दम निघाला नसता. मी स्कूटी काढली. तोंडावर लूची उन्हाळी झळ, सिग्नलवर पाय जमिनीवर टिकत नव्हते, आणि कानातल्या बटनातून काकांची बडबड चालूच. घरी पोचले तेव्हा सुभेदार पाण्याच्या वर तोंड काढून गपागपा हवा घेत होता. कारकुनाचा निळा दिवा मिचमिचत होता.

"ऐक," काका म्हणाले. "वायफाय मधेच तुटलं असेल. त्याला अर्धंच पत्र मिळालं आणि उरलेल्याची वाट पाहून राहिलाय. त्याला छेडायचं नाही. मधेच त्याची लाइट गेली तर तो कायमचा बसेल. पहिलं सुभेदारांना हवा दे. पंपाची पिन कारकुनातून काढ आणि भिंतीवर खाली सॉकेटमध्ये लाव."

भिंतीवर दोन सॉकेट होती, एकावर एक. वरचं मोकळं होतं. खालच्यात कारकुनाचा अ‍ॅडाप्टर होता. "खालच्या?" मी ओरडून विचारलं. "हो हो, खाली! लवकर!" मी खालचा अ‍ॅडाप्टर उपटला आणि तिथे पंप लावला. पंप घरघरला, बुडबुडे आले. कारकुनाचा निळा दिवा विझला. परत लावल्यावर एक लाल ठिपका तेवढा लागला, आणि तो हलेना.

"अगं, खाली म्हणजे रिकामं!" मी सांगताच काका पुण्याहून किंचाळले. चार वर्षं मी ह्या गावात राहत होते. भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचे डबे, पिशव्या, रिक्षा "खाली" होताना ऐकत होते. गाडी सुटल्याच्या दिवशी एकदा फजितीही झाली होती. पण घाबरलेलं माणूस आपल्या माहेरच्या भाषेत ऐकतं. मी सांगलीचं ऐकलं.

सुभेदार वाचला. संध्याकाळपर्यंत तो खडे थुंकायला लागला होता. पण कारकून मेला, आणि त्याच्याबरोबर पुण्याची खबर बंद झाली. कंपनीच्या हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, नवीन घ्या. काकांना ते पटेना. पंखा मी हातानं चालू-बंद करत होते, काचेवर साधा थर्मामीटर चिकटवला होता, पण काकांना आता काही दिसत नव्हतं. फोन दर पंधरा मिनिटांनी यायला लागले. "पाणी किती?" "काका, मी ऑफिसात आहे." "मग घरी कधी जाऊन राहिलीस?" तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी ग्राहक समोर बसलेला असताना सातवा फोन आला आणि माझं डोकं फिरलं. "काका, अपडेट तुम्ही दाबलंत! मी नाही! तुम्हाला दोन मिनिटं हात स्वस्थ ठेवता आला असता तर ही वेळच आली नसती!"

काकांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर दीड दिवस फोन नाही. ह्या शांततेसाठी मी महिनोन्महिने तळमळले होते आणि आता ती मला खायला उठली. दर पाच मिनिटांनी फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. माफी मागायला धीर होत नव्हता. ताईला फोन करायचीही लाज वाटत होती.

रविवारी सकाळी घंटा वाजली. दारात टाकीकाका. डोळे सुजलेले, सदरा चुरगळलेला, हातात कापडी पिशवी आणि त्यात वायरींचा गुंता. "चहा नंतर," ते आत शिरत म्हणाले. "लॅपटॉप आण." सुभेदारानं त्यांना पाहिलं आणि काचेवर अशी धडक दिली, की पाणी उडून सोफ्यावर पडलं. काकांनी काचेवर तळवा ठेवला. तेवढ्यात ताईचा फोन आला. "बाबा तिकडे आलेत का? काल सकाळी फिरून येतो म्हणून गेलेत, सगळं पुणं शोधून झालं!" काकांनी मला खुणेनं सांगितलं, सांग, अजून फिरतोच आहे.

मग आम्ही कारकुनाला उठवायला बसलो. म्हणजे मी बसले. काकांचं म्हणणं असं, की अशा प्रत्येक डब्यात तळाशी एक छोटा प्रोग्राम असतो. अपडेट त्याला हात लावत नाही. तो फक्त दार उघडायचं काम करतो. ते दार ठोठावायचं कसं, तर मागच्या बारीक भोकात टाचणी घालून आतलं बटन दाबायचं, दाबलेलं ठेवून लाइट द्यायची आणि दहा अंक मोजायचे. काकांनी टाचणी घेतली. भोक सापडेना. हात इतके थरथरत होते, की टाचणी डब्यावर टिकटिक वाजत होती. तीन वेळा प्रयत्न करून त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तू दाब," ते म्हणाले. "मी मोजतो."

दहाला लाल ठिपका मिचमिचला. पण लॅपटॉपला डबा दिसेना. परत टाचणी, परत दहा. परत काही नाही. काका येरझाऱ्या घालत होते, मी घामानं भिजले होते. "वायर बदल," ते अचानक म्हणाले. "ही फक्त चार्जिंगची आहे. वीज जाते, बात नाही जात." दुसरी वायरही तसलीच निघाली. तिसरीला लॅपटॉपनं टुंग केलं. कंपनीच्या साइटवरून उतरवलेली फाइल आम्ही डब्यात सोडली. पट्टी सरकायला लागली. साठ. बासष्ट. चौसष्ट. काकांनी डोळे मिटले. पासष्ट झाल्यावर आम्ही दोघं असे ओरडलो, की शेजारणीनं दार वाजवलं.

निळा दिवा लागला. कारकून सगळं विसरला होता, म्हणून त्यानं नव्यानं विचारायला सुरुवात केली. वायफाय कोणतं, पंप कुठे, पंखा कुठे. शेवटी विचारलं, तापमान आणखी कोणाला दाखवायचं? मी काकांचा नंबर टाकायला लागले. आठ आकडे झाले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको. राहू दे."

"काका, ह्याच्यासाठीच तर तुम्ही—"

"माझा हात राहत नाही, सांगली. मी परत काही तर दाबीन. तू बरोबर बोललीस." मी रडकुंडीला आले, माफी मागितली, भांडले. ते हटले नाहीत. "तू आहेस ना इथे," ते म्हणाले. "झालं मग." त्यांनी स्वतःच आठही आकडे एकेक करून पुसले. हात थरथरत होता म्हणून त्याला बराच वेळ लागला. दोन दिवसांनी ताईनं माणूस पाठवून त्यांना परत नेलं.

त्यानंतर त्यांचे फोन बंद झाले. मीच रोज करायला लागले. संध्याकाळी आले की टाकीजवळच्या खुर्चीत बसून पुण्याला फोन. काका लिफ्टबद्दल बोलत, ताईच्या मांजरींना नावं ठेवत, पुण्याच्या मराठीत आपल्याला कसं कोणी समजत नाही ते सांगत. सुभेदाराबद्दल एक अक्षर विचारत नसत. शेवटी मीच म्हणे, "सुभेदार मजेत आहे." "मी विचारलं का?" ते गुरगुरत. पण मी ते म्हणेपर्यंत फोनही ठेवत नसत.

डिसेंबरात सुभेदारानं खाणं सोडलं. पाणी ठीक होतं, हीटर ठीक होता, कारकून इमानानं आकडे दाखवत होता. वय झालं होतं, दुसरं काही नाही. एका सकाळी तो आडवा दिसला. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत मी त्याला पुरलं, टाकीची सगळी बटनं बंद केली आणि दिवसभर घरात नुसती फिरत राहिले. संध्याकाळी फोन लावला. काका लिफ्टबद्दल बोलले, मांजरींबद्दल बोलले. मग थांबले. मी म्हटलं, "सुभेदार मजेत आहे." दुसऱ्या दिवशीही म्हटलं. मग रोजच म्हणत गेले. कसं सांगणार होते मी? तो आहे म्हणून ते आहेत, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

फेब्रुवारीत टाकीकाका गेले, झोपेतच. तेराव्यानंतर मी ताईला फोन केला आणि रडत रडत माझा खोटेपणा कबूल केला. म्हटलं, निदान त्यांना ते दुःख झालं नाही.

ताई म्हणाली, "अगं, त्यांना माहीत होतं. डिसेंबरातच मला म्हणाले, सांगलीच्या फोनमागे पंपाचा आवाज येणं बंद झालं. सुभेदार गेले वाटतं. मी म्हटलं, विचारू का तिला? तर रागावले. म्हणाले, तिच्या तोंडून निघेल तेव्हा निघेल, तू छेडू नको."

दोन मिनिटं दम न निघणारा हा माणूस दोन महिने थांबला होता. आणि तेव्हा कुठे मला आठवलं, की डिसेंबरच्या त्या संध्याकाळपासून "मी विचारलं का?" हे गुरगुरणं बंद झालं होतं. मी "सुभेदार मजेत आहे" म्हणायची आणि काका, सुतकाच्या घरी विचारतात तसं, हळूच रोज विचारायचे, "बरं, तू जेवलीस का?"